पारिजात घरी येतंय

भूपाल चौगुलेच्या फोनवर ती सूचना आली तेव्हा तो डेअरीच्या प्रयोगशाळेत टँकरचं दूध तपासत होता. बाहेर तीन टँकर रांगेत उभे होते, ड्रायव्हर मंडळी गेटपाशी चहा पीत होती, आणि भूपालनं मान हलवल्याशिवाय दुधाचा एक थेंब आत जाणार नव्हता. चमचाभर युरियासाठी अख्खा टँकर परत पाठवणारा माणूस अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती होती. त्यानं हात पुसले आणि फोन उघडला.

'प्रिय पालक, येत्या रविवारी "यान पारिजात"चा शेवटचा भाग. नऊ वर्षांच्या प्रवासानंतर पारिजात पृथ्वीवर उतरत आहे. आपल्या मुलाचा घरचा खलाशी यानातून उतरून घराकडे निघेल. कृपया आपल्या खलाशानं ठीक सहा वाजून दहा मिनिटांनी दाराबाहेर उभं राहून बेल वाजवावी आणि मुलाच्या आनंदात सहभागी व्हावं. आपल्या नोंदीतील खलाशी : सौ. त्रिशला भूपाल चौगुले.'

त्रिशलाला जाऊन चौदा महिने झाले होते.

भूपालनं ती सूचना तीनदा वाचली. मग त्यानं दुसऱ्या टँकरचा नमुना यंत्रात ठेवला आणि आकडे न बघताच मान हलवली. आठ वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

*

'यान पारिजात' बघत नाही असं मूल त्या दिवसांत सांगलीत शोधून सापडलं नसतं. पूर्वीच्या मालिका सगळ्यांना एकसारख्या दिसायच्या. ही तशी नव्हती. लेखक मंडळी दर आठवड्याला गोष्टीचा नुसता सांगाडा लिहायची: पारिजात अमुक ग्रहाजवळ पोचलं, तमुक संकट आलं, ते असं असं टळलं. त्यावर मांस चढवायचं काम टीव्हीखाली बसवलेला एक चपटा डबा करायचा. त्याला संच म्हणत. संच मुलाचं बोलणं ऐकायचा, लक्षात ठेवायचा, आणि त्या एका मुलापुरता भाग जागच्या जागी रचायचा. अंधाराला भिणाऱ्या पोराची कप्तान वेणू अंधाऱ्या विवरात त्यालाच सल्ला विचारायची. दात पडलेल्या पोरीला खटपट्या नावाचा यंत्रमानव आपलाही एक स्क्रू पडल्याचं सांगायचा. पोरं वेडी झाली नसती तरच नवल.

रविवारी संध्याकाळी पूर्ण भाग असायचा आणि रोज सहाला दोन मिनिटांची हजेरी. हजेरीची गंमत अशी की प्रत्येक मुलाला घरातलं एक माणूस यानावर खलाशी म्हणून पाठवता यायचं. त्या माणसानं वीस मिनिटं काहीतरी वाचून दाखवलं की झालं. माणसाचा आवाज म्हणजे शेवटी काय, तर छातीतून निघालेली हवा, गळ्यातल्या दोन पडद्यांची थरथर, आणि घसा, टाळू, नाक यांच्या पोकळीतून तिला मिळालेला घाट. प्रत्येकाची पोकळी वेगळी, म्हणून आवाज वेगळा. संच वीस मिनिटांत त्या पोकळीचं गणित मांडायचा, आणि मग त्या माणसानं जन्मात कधी उच्चारलं नसेल ते वाक्यही त्याच्याच आवाजात म्हणायचा. घरात भाजी निवडत बसलेली आजी तिकडं टीव्हीत मंगळाच्या चंद्रावरून 'हजर!' म्हणायची आणि पोरं टाळ्या पिटायची.

खरंखोटं मात्र संचाला कळायचं नाही. पहिल्या वर्षी कप्तान वेणूनं कुणा मुलाला त्याच्या आईबापांचं घरातलं भांडण जसंच्या तसं सांगितलं आणि राज्यभर बोंबाबोंब झाली. तेव्हापासून नियम झाला की पालकांनी नोंदीत जे लिहिलं असेल तेच संचाचं सत्य. नोंदीत नसलेलं कप्तान बोलायची नाही आणि नोंदीत असलेलं कधी नाकारायची नाही. 'कप्तान वेणू मुलांशी खोटं बोलत नाही' हे वाक्य प्रत्येक भागाच्या आधी यायचं, आणि पोरांचा त्यावर आईबापांपेक्षा जास्त विश्वास होता.

नेमकं हेच सरकारच्या डोळ्यांवर आलं. मुलं संचाला फार धरून बसली आहेत, असं तज्ज्ञांची समिती म्हणाली, आणि कायदा झाला. मालिका बंद करायची, पण मुलांना नीट निरोप देऊन. निरोपानंतर तासाभरात सगळे आवाज, सगळ्या आठवणी संचातून पुसायच्या. आता नीट निरोप म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मालिकेच्या लेखकांना वाटलं, यान उतरवावं आणि घरोघरचं माणूस खरोखर दारात उभं करावं. लाखो घरांसाठी यापेक्षा गोड शेवट सुचला नसता. त्यांना तरी बिचाऱ्यांना काय ठाऊक!

*

त्रिशलाचं रक्ताचं दुखणं निघालं तेव्हा सनू पाच वर्षांची होती. सनू म्हणजे सन्मती. उपचार पुण्यात, पोर जयसिंगपूरला आत्याकडं, आणि भूपालची दोन्हीकडं धावपळ. पोरीला आईचा आवाज रोज ऐकू यावा म्हणून त्रिशलानंच दवाखान्यातल्या खाटेवर बसून वीस मिनिटं वाचलं. मध्ये दोनदा धाप लागली म्हणून थांबली. वाचून झाल्यावर फोन त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "मला काही झालं तर हे लगेच बंद करायचं. आणि तिला खरं सांगायचं. नुसतं देवाघरी-बिवाघरी नको."

"तुला काही होत नाही," भूपाल म्हणाला.

"पण सांगशील का?"

"सांगेन की."

ती ऑगस्टमध्ये गेली. अंत्यविधी पुण्यातच झाले. चौथ्या दिवशी तो जयसिंगपूरला पोरीला आणायला गेला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत होते. टीव्हीसमोर बसलेल्या सनूचं नाव कप्ताननं पुकारलं, तिनं 'हजर' म्हटलं, आणि पाठोपाठ त्रिशलाचा आवाज आला. हजर! अगदी बरी असतानाचा आवाज. भूपाल दारातच उभा राहिला. सनू वळून म्हणाली, "पप्पा, आई कुठाय?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "पारिजातवर."

वेळ मारून न्यायला माणूस एक वाक्य बोलतो. पुढं ते वाक्यच माणसाला ओढत नेतं. भूपालनं नोंदीत लिहिलं, 'आई लांबच्या मोहिमेवर आहे.' मग त्यानं इमारतीतल्या लोकांना हात जोडून सांगितलं, शाळेतल्या बाईंना सांगितलं, बहिणीला सांगितलं, की मी स्वतः पोरीला सांगणार आहे, तोवर कुणी काही बोलू नका. पोरीच्या भल्यासाठीच म्हणतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? समोरच्या मगदूमकाकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि सनू दिसली की "येईल हं आई" म्हणायला सुरुवात केली. दर सहा महिन्यांनी कायद्याप्रमाणं फोनवर विचारणा यायची, 'आपला खलाशी हयात आहे का?' भूपालनं दोनदा 'हो'वर बोट ठेवलं.

पोरीसाठी, असं तो स्वतःला सांगायचा. ते अर्धंच खरं होतं. रोज सहाला तो स्वयंपाकघरात गॅस बारीक करून ओट्याशी उभा राहायचा आणि बाहेरून येणारा तो आवाज ऐकायचा. दिवसभरात तेवढी दोन मिनिटं त्याला बायको होती. ती सोडायची हिंमत त्याच्यात नव्हती, एवढी साधी गोष्ट होती.

*

गुरुवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा सनू जिन्यातच वाट बघत होती.

"पप्पा! आई येणार! कप्ताननं सांगितलं! रविवारी सहा वाजून दहा मिनिटांनी! ती बेल वाजवणार आणि दार मी उघडायचं, तू नाही."

"सनू, ऐक जरा..."

"समोरच्या गार्गीचे आजोबा पण येणार आहेत, पण ते काय, घरीच असतात. खेळातले खलाशी. आई तर खरीखुरी गेलीय ना!"

पोरीनं सगळ्यांत नेमका आपला फरक ओळखला होता आणि त्याचा तिला अभिमान वाटत होता. तिनं त्याला हाताला धरून आत नेलं. आईच्या कपाटातल्या साड्या पलंगावर काढून ठेवल्या होत्या, कारण इतके दिवस बंद राहून त्यांना वास लागला होता. उशी उन्हात टाकली होती. उद्या शाळेतून आल्यावर आत्याला फोन करायचा आणि आईला आवडतं तसं आंबट वरण कसं करतात ते विचारायचं, असंही ठरलं होतं.

फोन तिनं खरोखरच केला. शुक्रवारी दुपारी भूपाल डेअरीत असताना त्याची बहीण विमलअक्का फोनवर म्हणाल्या, "काय ऐकतेय मी हे? पोरगी वरण विचारतेय मला. त्रिशलाचं वरण!"

"अक्का, मी बघतोय."

"काय बघतोयस? चौदा महिने बघायलाच लागलायस की. मी गप बसले हे माझंही पाप आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय होय रे?"

"रविवारच्या आत सांगतो."

"मी येऊ का?"

"नको. मीच सांगायला पाहिजे."

पण सांगण्याआधी भूपालनं आणखी एक पळवाट शोधली. त्यानं मालिकेच्या कार्यालयात फोन लावला. चाळीस मिनिटं थांबल्यावर एका थकलेल्या बाईचा आवाज आला. ती लेखकांपैकी होती. बाकीची माणसं नोकरी सोडून गेली होती.

"माझी पत्नी हयात नाही," भूपाल म्हणाला. हे वाक्य त्यानं मोठ्यानं उच्चारल्याला वर्ष उलटलं होतं. "नोंद चुकीची आहे. तुम्ही तो शेवट बदला."

"नोंदी महिन्याच्या एक तारखेला गोठल्या हो. त्याआधी तीन पत्रं पाठवली आम्ही. शेवटचा भाग तुमच्या संचात कधीच उतरलाय. इथं माझ्याकडं आता काहीच नाही, बटणसुद्धा नाही."

"संच काढून टाकला तर?"

"तो तुमचा प्रश्न. पण मुलीला काय सांगाल? यान आलं, आणि तुम्ही दार लावून घेतलंत?"

बाईनं पलीकडं कागद चाळले. मग म्हणाली, "तुम्ही एकटे नाही. सूचना गेल्यापासून असे तीनशे अकरा फोन आलेत. कुणाचा भाऊ, कुणाची आई. एका घरी तर मुलगाच गेलाय, धाकट्यासाठी थोरल्याचा आवाज ठेवलाय. आम्हाला वाटलं होतं, लोक नोंदीत खरं लिहितात."

*

शनिवारी अर्धी सुट्टी होती. भूपालनं सनूला स्कूटरवर बसवून कृष्णेच्या घाटावर नेलं आणि ओली भेळ घेऊन दिली. पायऱ्यांवर बसल्यावर त्यानं मनात घोकलेलं सगळं विसरून सरळच सांगितलं.

"सनू, आई उद्या येणार नाही. आई आजारी होती ना, त्यातच ती गेली. मेली, बाळा. गेल्या वर्षीच. मी तुला सांगितलं नाही, माझं चुकलं."

सनूनं भेळेतली कैरीची फोड शोधून खाल्ली. ती घाबरली नाही की रडली नाही.

"मेलेली माणसं बोलत नाहीत," ती म्हणाली. "गार्गीची पणजी मेली, ती कुठं बोलते? आई तर कालच बोलली."

"तो आईचा आवाज आहे फक्त. संच काढतो तो आवाज."

"कप्तान म्हणाली ती येणार आहे."

"कप्तानला माहीत नाही."

"कप्तानला सगळं माहीत असतं. आणि कप्तान मुलांशी खोटं बोलत नाही." तिनं हात फ्रॉकला पुसले. "चल घरी. विचारूया तिला."

ते पावणेसहाला घरी पोचले. सहाला पडद्यावर पारिजातचा निळा कक्ष उजळला आणि करड्या केसांची, हसऱ्या डोळ्यांची कप्तान वेणू म्हणाली, "सन्मती चौगुले?"

"हजर! कप्तान, पप्पा म्हणतो आई मेलीय. खरंय?"

कप्तान क्षणभर थांबली. त्या क्षणात संचानं नोंद पडताळली. नोंदीत भूपालनं लिहिलेलं वाक्य होतं आणि भूपालनं दोनदा दिलेला होकार होता.

"तुझी आई माझ्या शेजारीच उभी आहे, सनू. उद्या उतरायची गडबड चाललीय तिची. त्रिशला चौगुले?"

"हजर!" त्रिशला म्हणाली. "सनू, केस विंचरून बस हं उद्या."

सनू वळली. तिच्या नजरेत राग नव्हता. चूक सापडलेल्या मुलाकडं बाई बघतात तसं तिनं बापाकडं बघितलं.

"पप्पा, असं परत बोलू नकोस. आईनं ऐकलं तर तिला कसं वाटेल?"

भूपालला त्या वेळी पहिल्यांदा पुरतं कळलं की त्यानं काय करून ठेवलं आहे. खरं सांगायला त्यानं उशीर केला होता, एवढंच त्याला आजवर वाटत होतं. पण दरम्यान त्यानं आपला शब्दच दुसऱ्याला देऊन टाकला होता. पोरीच्या लेखी खरं बोलणारं माणूस घरात एकच उरलं होतं, आणि ते टीव्हीत राहत होतं. तिथं ते बसवलंही त्यानंच होतं. भूपालला ओरडून रडावंसं वाटलं, पण समोर पोर हसत होती, म्हणून तो ओट्याशी जाऊन कुकर लावत बसला.

*

रविवारी साडेपाचला भाग सुरू झाला. सनूनं केस विंचरले होते, वेणी वाकडी आली होती. भूपालनं दोन वेळा संचाच्या वायरीपर्यंत हात नेला. दुसऱ्या वेळी सनू उठून वायरीपुढं उभी राहिली.

"बंद केलंस तर आई उतरणार कुठं?"

तिला बाजूला करणं काय अवघड होतं? सहा वर्षांची पोर. पण त्याचा हात पुढं गेला नाही. आणि खरं सांगायचं तर, अजून एकदा तो आवाज ऐकायचा होता त्याला. हे त्यानं नंतर कुणालाच सांगितलं नाही.

सहा वाजून पाच मिनिटांनी त्यानं दार उघडून बाहेर पाहिलं. जिन्यात माणसंच माणसं. वरच्या मजल्यावरचे दोघं बाप कडक इस्त्रीचे शर्ट घालून उभे होते. कुणाचा मामा मिरजेहून खास आला होता. समोरच्या दाराशी मगदूमकाका डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी घालून, छातीवर चांदीच्या कागदाचा तारा चिकटवून तयार होते. सगळे घड्याळाकडं बघत एकमेकांना चिडवत होते. भूपालला बघताच काकांचं हसू मावळलं.

"सांगितलंस ना रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"सांगितलं. तिला पटलं नाही."

काकांनी टोपी काढली, मग आतून गार्गीचा आवाज आला तशी पुन्हा घातली. भूपालनं दार लावून घेतलं.

पडद्यावर पारिजात ढगांतून खाली येत होतं. खाली नदी दिसली, पूल दिसला, गणपतीच्या देवळाचं शिखर दिसलं. प्रत्येक मुलाला त्याचं त्याचं गाव दिसत होतं. यान टेकलं. खटपट्यानं दरवाजा उघडला आणि कप्ताननं शेवटची हजेरी घेतली.

"सन्मती चौगुले?"

"हजर!"

"त्रिशला चौगुले?"

"हजर! सनू, उतरले गं मी. निघालेच. दार उघड."

सनू धावली. त्याच क्षणी सगळ्या इमारतीत बेला वाजू लागल्या. वर वाजली, खाली वाजली, समोर वाजली. दारं उघडल्याचे आवाज आले, पोरांच्या किंकाळ्या आल्या, कुणीतरी शिट्टी मारली. सनूनं कडी काढली. समोर मगदूमकाकांनी गार्गीला उचलून घेतलं होतं आणि ती त्यांची टोपी ओढत होती. आपल्या दारात कुणी नाही हे पाहून सनू कठड्यावरून वाकली, खाली बघितलं, वर बघितलं, आणि जिना उतरून फाटकापर्यंत गेली. भूपाल मागोमाग गेला. फाटकाबाहेर रस्ता होता, दोन रिक्षा होत्या, कुत्रं होतं. ती डावीकडं थांबली, उजवीकडं थांबली. मग तिला वाटलं असावं, आपण खाली आलो तेवढ्यात ती दुसऱ्या बाजूनं वर गेली. ती पळत वर आली.

पडद्यावर कप्तान हात हलवत होती. "सुखरूप राहा, खलाशांनो." चित्र गेलं. नियम असा होता की तासाभरात पुसायचं. संचानं तेवढाही वेळ घेतला नाही. त्याच्या कडेला आणल्यापासून पेटलेला हिरवा दिवा विझला.

"कप्तान?" सनूनं हाक मारली. "कप्तान, आई कुठंपर्यंत आलीय?"

तिनं डब्यावर थाप मारली, मग दुसरी. मग ती चपलांच्या कपाटावर जाऊन बसली. दार उघडंच होतं. समोरच्या घरात हसणं-खिदळणं चाललं होतं. भूपाल तिच्याजवळ जमिनीवर बसला. त्यानं तिला हात लावला नाही, कारण लावू देईल की नाही याची त्याला खात्री नव्हती.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "काल म्हणालास ते खरं होतं?"

"हो."

"कधी मेली?"

"ऑगस्टमध्ये. गेल्या वर्षी."

तिनं बोटांवर महिने मोजले.

"माझा वाढदिवस डिसेंबरमध्ये होता. आई म्हणाली, सहा दिवे लाव आणि एक पण फुंकू नकोस."

"ती आई नव्हती, सनू."

"मला ताप आला तेव्हा? रोज गोष्ट सांगायची ती?"

"नाही."

"संचाला कुणी सांगितलं तसं बोलायला?"

"मी."

"कप्तानला पण?"

"तिलाही मीच लिहून दिलं होतं. ती खोटं बोलत नव्हती. मी खोटं लिहिलं होतं."

चौदा महिन्यांचं सगळं बोलणं तिच्या डोळ्यांपुढून एकेक करून निघून चाललं असणार. आई तर गेलीच, पण आई गेल्यानंतरचीही आई गेली. भूपाल तिच्याकडं बघत राहिला. ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती रडली नाही. उठली, फ्रॉक सारखा केला, आणि जिन्यावरचा तो चार पावलांचा चौक ओलांडून मगदूमांच्या उघड्या दारात जाऊन उभी राहिली. भूपाल आपल्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

आत बुंदीचे लाडू वाटणं चाललं होतं. काकू ताट घेऊन वळल्या.

"ये गं सनू..."

"काकू, माझी आई मेलीय का?"

काकूंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. त्यांची नजर सनूच्या डोक्यावरून पलीकडं गेली, उंबऱ्यात उभ्या असलेल्या भूपालकडं, काय सांगू असं विचारत.

सनूनं मागं वळून बापाकडं पाहिलं. मग काकूंचा पदर धरून खाली ओढला, त्यांचं तोंड आपल्यासमोर येईपर्यंत.

"त्याच्याकडं बघू नका, काकू. मला सांगा."